आपल्याच माणसांचा अभ्यास करावा का?

वाचकाचे पत्र

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि समाजशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ राहून शिकलो. मला समाजशास्त्रात एम. ए. करण्यासाठी पुण्याला जायचे आहे, परंतु मामा म्हणतात की या विषयाला नोकरी नाही, त्यापेक्षा बी. एड. कर किंवा पोलीस भरतीची तयारी कर, आणि समाजाचेच काही करायचे असेल तर एम. एस. डब्ल्यू. घे. वर्गात दुर्खीम, वेबर, मार्क्स शिकवतात. ते मी पाठ करते, गुणही चांगले मिळतात, पण त्यांचा आमच्या जगण्याशी काय संबंध आहे ते कळत नाही. इंग्रजी पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर धीर सुटतो. गेल्या महिन्यात प्रकल्पाचा विषय ठरवताना सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तू ऊसतोड कामगार स्त्रियांवर लिही, तुझ्या घरचाच विषय आहे, माहिती पटकन मिळेल.” मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचे नंतर वाईटही वाटले. आईच्या हालांवर मी गुण मिळवायचे का? हा विषय मी घ्यावा का, आणि मुळात समाजशास्त्र घेऊन पुढे जावे का?

— एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर

नोकरीचा प्रश्न आधी संपवते, कारण त्याचे उत्तर छोटे आहे आणि फारसे गोड नाही. मामांचे म्हणणे टाकाऊ नाही. समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली म्हणजे अमुक एक पद मिळते, अशी सोय या विषयात नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम. ए.ला किमान ५५ टक्के गुण लागतात (राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते) आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. एवढे करूनही पूर्णवेळ पदांची भरती रखडत असल्यामुळे अनेक गुणी माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास घेतले तितकेच मानधन त्यांच्या हाती पडते आणि सुट्टीच्या महिन्यांत तेही पडत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवायचा तर एम. ए.बरोबर बी. एड. लागते, त्यामुळे मामांनी सुचवलेले बी. एड. तुमच्या मार्गात आडवे येत नाही. ते नंतरही करता येईल. शिक्षकी पेशाखेरीज सर्वेक्षणे, संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्थांच्या कामाचे मूल्यमापन अशी कामे असतात आणि ती बहुधा कंत्राटी असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो हेही खरे, पण केवळ त्यासाठी कोणी एम. ए. करावे असे मला वाटत नाही.

घरात दोन वर्षांच्या आत तुमचा पगार सुरू झाला नाही तर भावाचे शिक्षण थांबेल किंवा उचल, म्हणजे हंगामासाठी घेतलेली आगाऊ रक्कम, वाढेल, अशी स्थिती असेल, तर आधी मिळेल ती नोकरी धरा आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून एम. ए. करा. ते दुय्यम आहे, कारण त्यात ग्रंथालय, वर्गातील वादावादी आणि क्षेत्रकार्य यांना मुकावे लागते. पण दुय्यम म्हणजे निरुपयोगी नव्हे. तशी निकड नसेल तर जरूर जा. अर्ज एकट्या पुण्याला करू नका. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागांचाही विचार करा आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा द्या. हैदराबाद, दिल्ली आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील समाजशास्त्राचे विभाग तिच्यातूनच प्रवेश देतात. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि निर्वाहभत्त्याच्या योजनांचा तपास निकालानंतर नव्हे, आत्ताच सुरू करा, कारण जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांच्या सह्या यांची गरज पडते तेव्हा वडील फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या शेतावर, असतात.

समाजशास्त्र आणि एम. एस. डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, हे एकाच कामाचे आहे असा मामांचा जो समज आहे तो सुशिक्षित घरांतही सर्रास आढळतो. समाजकार्य हा व्यवसाय आहे. एखाद्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून रुजू झालेली व्यक्ती समोरच्या रुग्णाला आज कोणत्या योजनेतून मदत मिळेल हे पाहते, आणि ते काम मोलाचे आहे. समाजशास्त्राची जिज्ञासा वेगळी आहे: एकाच तालुक्यातील, एकाच कामातील इतक्या स्त्रिया एकाच शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात का येतात, हा प्रश्न ते विचारते, आणि त्याचे उत्तर मिळाले म्हणून त्या दिवशी कोणाचे बिल भरले जात नाही. ज्याला समोरच्या माणसाच्या अडचणीवर लगेच काही करता आले नाही तर स्वस्थ बसवत नाही, त्याने समाजकार्य घ्यावे. तुमच्या पत्रात मला तशी घाई दिसली नाही. मला दिसली ती “संबंध कळत नाही” ही तक्रार, आणि ती समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याची तक्रार आहे.

तेव्हा त्या संबंधाकडे वळते. शस्त्रक्रियेचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या आल्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे तेव्हा समोर आले. आता यांतील एकेका बाईला विचारले तर प्रत्येकीची कहाणी वेगळी असेल. एकीला गाठ होती, दुसरीला डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घातली, तिसरीच्या शेजारणीने केले म्हणून तिनेही केले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेला भेद येथे कामी येतो. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची खासगी अडचण असते आणि तिचे कारण त्याच्या स्वभावात, कौशल्यात, परिस्थितीत शोधता येते. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काहीही हाती लागणार नाही, तेथे कामाची रचनाच तपासावी लागेल. मिल्स यांचे नाव आणि साल तुम्ही कदाचित परीक्षेत लिहिलेही असेल. आता तोच भेद आपल्या तालुक्याला लावून पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईचे श्रम स्वतंत्रपणे मोजलेच जात नाहीत. उचल हंगामाआधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. फडावर न्हाणीघर नसते, पाणी लांब असते, पाळीच्या दिवसांत विश्रांती नसते. या सगळ्या गोष्टी एकत्र मांडल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या बाईचा राहतो का? आणि तो पूर्णपणे सक्तीचा होता असे तरी म्हणता येईल का? या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आपला विषय आहे.

त्याच मांडणीत तुमचे तिन्ही पाठ केलेले विचारवंत सापडतील. मुक्त श्रमिकाला आपले श्रम विकण्याचे स्वातंत्र्य असते आणि ते विकल्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्गही नसतो, हे मार्क्स सांगतो. उचल घेतलेला माणूस त्या अर्थाने तरी मुक्त आहे का, हे मार्क्सलाच विचारून पाहा. आत्महत्येसारखी अगदी एकट्याने केलेली वाटणारी कृती घेऊन तिचे दर धर्मानुसार, विवाहित-अविवाहित स्थितीनुसार बदलतात आणि वर्षानुवर्षे बऱ्याच अंशी स्थिर राहतात, हे दुर्खीमने १८९७ मध्ये आकडेवारीनिशी दाखवले. शस्त्रक्रियांच्या त्या आकड्यांकडे पाहण्याची रीत त्याचीच आहे. आणि मुकादमाचा, म्हणजे उचल देऊन टोळी जमवणाऱ्याचा, शब्द माणसे का मानतात, तो नात्यातला आहे म्हणून, उसने दिले आहे म्हणून, की कारखान्याच्या चिठ्ठीवर त्याचे नाव आहे म्हणून, हा वेबरचा प्रश्न आहे. परीक्षेतील तुमची उत्तरे चुकीची नसणार. पण झेरॉक्स नोट्समधून आलेला दुर्खीम हा फ्रान्सचा राहतो आणि फ्रान्सचाच मरतो. एम. ए.ला गेल्यावर जो प्राध्यापक तुम्हांला प्रत्येक संकल्पनेनंतर “मग तुमच्या गावात हे कसे?” असे विचारील, त्याचा वर्ग चुकवू नका, आणि कोणीच विचारले नाही तर तुम्ही स्वतःला विचारा.

इंग्रजीबद्दल थोडी कडक बोलणार आहे. मराठीत समाजशास्त्र शिकता येते, अनेकांनी शिकले आहे, आणि काही विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभाही आहे. प्रवेशापूर्वी त्या त्या विभागात तसे विचारून घ्या. परंतु गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्राबद्दल जे संशोधन झाले त्याचा मोठा भाग इंग्रजीत आहे, आणि तो वाचता आला नाही तर तुमच्याच जिल्ह्याविषयी इतरांनी काय लिहिले ते तुम्हांला कधी कळणार नाही. त्यामुळे इंग्रजी बोलता येणे महत्त्वाचे नाही, वाचता येणे मात्र टाळता येणार नाही. त्याचा मार्ग असा. सुरुवात मराठीतूनच करा. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार आणि भटक्या जमाती यांच्या व्यवहारांचे इतके बारकाईचे वर्णन त्या काळात क्वचितच कोणी केले. त्यांची काही मते आज खटकतील, खटकू द्या. मते खटकत असतानाही निरीक्षणे वेगळी काढता येणे हे पहिल्या वर्षाचेच शिक्षण आहे. इरावती कर्वे यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’ वाचा. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ जिल्हा ग्रंथालयात मिळाला तर संकल्पनांसाठी तोच हाताशी ठेवा. नंतर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची समाजशास्त्राची इंग्रजी पुस्तके घ्या. ती मोबाइलवर फुकट उतरवता येतात, त्यांची भाषा सोपी आहे, आणि त्यांतील आशय तुम्हांला आधीच ठाऊक असल्यामुळे शब्द अडले तरी अर्थ अडत नाही. रोज एक पान वाचून ते पुस्तक मिटायचे आणि आपल्या मराठीत अर्धे पान लिहायचे. भाषांतर करायचे नाही, आपल्याला समजले ते लिहायचे. एम. ए. सुरू होईपर्यंत तुमच्या हाताशी काही महिने आहेत; तेवढ्यात दोन पुस्तके सहज होतील. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्यासारख्यांचे इंग्रजी तर पुष्कळ मराठी समाजशास्त्रीय लेखनापेक्षा सुगम आहे, हे आमच्या क्षेत्रातील एक न बोललेले सत्य आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपल्याच माणसांचा अभ्यास करावा का, हा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे, आणि त्याचा इतिहास तुमच्या बाजूचा आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे होते. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये ती धुरा मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांपैकी इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. त्या स्वतः चित्पावन कुटुंबातल्या होत्या. मैसूर शहरात वाढलेले श्रीनिवासही घुर्ये यांचेच विद्यार्थी. त्यांनी १९४८ मध्ये अभ्यासासाठी जे खेडे निवडले ते त्यांच्याच प्रदेशातले, त्यांच्या परिचयाची भाषा बोलणारे होते. म्हणजे भारतात या विषयाची उभारणी ज्यांनी केली, त्यांतील पुष्कळांनी घरच्याच विषयाला हात घातला. फरक एवढाच, की कोणी त्यांना वर्गासमोर उभे करून “तुझ्या घरचाच विषय आहे” असे म्हटले नसावे. वरच्या जातीचा, शहरातला अभ्यासक आपल्या लोकांवर लिहितो तेव्हा त्याला विद्वान म्हणतात; मजुराच्या मुलीने लिहिले की ते अनुभवकथन ठरते आणि तिच्याकडून विश्लेषणाची कोणी अपेक्षाच करत नाही. तुम्हांला जी लाज वाटली तिची थोडी मुळे येथे असावीत असे मला वाटते. सरांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांनी तुमच्याकडे संशोधक म्हणून पाहिले नाही, माहिती देणारी व्यक्ती म्हणून पाहिले.

या बाबतीत एक निबंध मी तुम्हांला मुद्दाम वाचायला सांगते. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर आणि यंत्रणेवर निबंध वाचला. जातीने ज्याला शाळेत कोपऱ्यात बसवले, पाण्याला शिवू दिले नाही, त्या तरुणाने त्या निबंधात स्वतःचा एकही प्रसंग सांगितलेला नाही. रिस्ले, नेसफील्ड, सेनार या युरोपीय अभ्यासकांबरोबर आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांचीही मते त्याने तपासली, जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे ठरवले आणि मग गणितासारखा एक प्रश्न घातला: लग्न जातीतच व्हायचे असेल तर नवरा मेल्यावर मागे उरलेल्या स्त्रीचे, आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचे, तो गट काय करणार? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नावर शोधलेली साधने आहेत, असे त्याचे उत्तर आहे. शास्त्राच्या प्रांतात भावनेला थारा नसावा, असेही तो अखेरीस बजावतो. पुढे सुमारे वीस वर्षांनी त्याच आंबेडकरांनी आपले अनुभव स्वतंत्रपणे लिहून काढले. लहानपणी बैलगाडीच्या प्रवासात पाण्यावाचून झालेले हाल, बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा न मिळणे, हे सारे त्यांत आहे. दोन्ही लेखन त्यांचेच आहे. दोन्हींचे काम वेगळे आहे, आणि कोणते केव्हा लिहायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. हा हक्क तुमचाही आहे. तुम्ही ऊसतोडीवर विश्लेषण लिहू शकता आणि त्यात आईचा उल्लेखही येऊ देऊ नका. किंवा दहा वर्षांनी आईबद्दल लिहा. किंवा कधीच लिहू नका.

याचा अर्थ तुमचा अनुभव निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेची मांडणी करताना हेच ठासून सांगितले, की समाजाच्या ज्या जागेवरून आपण पाहतो तिच्यावर आपल्याला काय दिसणार हे अवलंबून असते, आणि तळच्या जागेवरून जे दिसते ते वरून दिसत नाही. पण जागा आपोआप ज्ञान देत नाही, तिच्यावर उभे राहून काम करावे लागते. श्रीनिवास ‘रामपुरा’ गावात (हे नाव त्यांनीच ठेवलेले, खरे नव्हे) पाटलाच्या आश्रयाने राहिले, आणि त्यामुळे आपल्याला गाव पाटलाच्या वर्तुळातून दिसले, दलित वस्तीशी तितका संबंध आला नाही, हे त्यांनी नंतर मोकळेपणी नोंदवले. तुम्हांला उलट बाजूची अडचण येईल. तुम्हांला कोपीवरचे, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतले, जीवन ठाऊक आहे, म्हणून तुम्ही त्याबद्दल विचारणारच नाही. आणि काकू-मावशा तुम्हांला “तुला सांगायला कशाला पाहिजे, तुला माहीतच आहे” म्हणून अर्धे सांगून थांबतील. सरांच्या “माहिती पटकन मिळेल” या विधानाशी माझे मतभेद येथेच आहेत. घरच्या विषयावर माहिती पटकन मिळत नाही, ती उशिरा मिळते.

मग विषय घ्यावा का? घ्या, पण सरांनी दिला तसा घेऊ नका. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या समस्या या शीर्षकाचे प्रकल्प महाविद्यालयांच्या कपाटांत रचून पडले आहेत: शंभर स्त्रियांची प्रश्नावली, शिक्षण नाही, आरोग्य नाही, शासनाने लक्ष द्यावे, समाप्त. त्यातून आईच्या हालांचे टक्के निघतात, त्यांची कारणे कळत नाहीत. तुम्ही नजर थोडी वर उचला. मुकादमाची वही कशी असते, तिच्यात काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत? उचलीचे पैसे कारखान्याकडून वाहतूक ठेकेदार, मुकादम आणि टोळी अशा कोणत्या हातांतून येतात आणि बुडाले तर कोणाचे बुडतात? साखर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात दर काही वर्षांनी दराचा करार होतो. त्याची वाटाघाट करणाऱ्या टेबलावर कोण बसते, आणि त्यांत तोडणारी बाई किती वेळा असते? यांतील एखादाच प्रश्न घेतला तरी बी. ए.च्या प्रकल्पाला पुरून उरेल, आणि त्यात कोणाच्या दुःखाचे प्रदर्शन होणार नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तो तुमच्या आजीपासून सुरू करता येईल. २०११ च्या जनगणनेची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. माणसाची नोंद नेहमीच्या राहत्या घरी करायची, पण मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नव्हताच त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करायची, असा नियम होता. मग तुमच्या वस्तीवरच्या, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असलेल्या माणसांची नोंद कोठे झाली? गावात, कोपीवर, दोन्हीकडे, की कोठेच नाही? आजीला विचारा, की मोजणारे गुरुजी आले तेव्हा तिने घरात किती माणसे सांगितली आणि का. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांकही १ मार्च २०२७ असा जाहीर झालेला आहे, म्हणजे पुन्हा हंगामच. गावाची लोकसंख्या, रेशन, शाळेची पटसंख्या, मतदारयादी या प्रत्येक कागदावर तुमच्या आईवडिलांचा पत्ता काय आहे, हे तुम्ही दहा-पंधरा कुटुंबांपुरते जरी नीट नोंदवलेत तरी ते नवे ज्ञान असेल. मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या जाळ्यातून हंगामी स्थलांतर नेहमी निसटते, आणि ते का निसटते हे तुमच्याइतके जवळून सांगणारे फार थोडे आहेत.

वेळापत्रकाचा विचार मात्र आधी करा. प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा असेल आणि टोळ्या पाडव्याच्या सुमारास परतणार असतील, तर मुलाखती परतलेल्यांच्या नव्हे, मागे राहिलेल्यांच्या घ्याव्या लागतील: म्हाताऱ्यांच्या, हंगामी वसतिगृहातल्या मुलांना सांभाळणाऱ्यांच्या, गावच्या शिक्षकांच्या. ज्यांच्याशी बोलाल त्यांना कशासाठी बोलतो आहोत ते स्पष्ट सांगा, “नको” म्हणण्याची मोकळीक द्या, गावाचे आणि माणसांचे नाव बदला. ही केवळ रीत नाही. पुढच्या वर्षीची उचल ज्याच्या हातात आहे त्या मुकादमाला कोणी काय सांगितले हे ओळखू आले, तर त्याची किंमत तुम्ही नव्हे, सांगणारा मोजतो. तुम्ही स्वतः त्याच वस्तीवर राहता, त्यामुळे परक्या संशोधकापेक्षा तुम्हांला हे अधिक सांभाळावे लागेल.

आईचे काय, हे राहिले. तिच्याबद्दल लिहायचे नाही असे ठरवलेत तरी तुम्ही काय करता आहात हे तिला सांगा. फोनवर सांगता येण्यासारखे असेल तर फोनवर, नाहीतर ती आल्यावर. तिच्या कामाचा तुमच्या अभ्यासाशी संबंध आहे हे तिला बाहेरून कळू नये. ती कदाचित म्हणेल की यात लिहिण्यासारखे काय आहे. कदाचित तुम्ही कधी न विचारलेले काही सांगू लागेल. दुसरे झाले तर वही लगेच उघडू नका. ऐकून घ्या, आणि त्यातले काही वापरायचे असेल तर नंतर तिची परवानगी मागा, जशी परक्या बाईची मागितली असती.

सरांकडे जाताना विषय लेखी घेऊन जा. एक पान पुरे: प्रश्न काय आहे, कोणाशी बोलणार, किती दिवस लागतील, आधी काय वाचले. वर्गासमोर जे झाले त्याबद्दल बोलायचे की नाही हे तुमच्यावर आहे, मी असते तर एवढेच म्हटले असते, “सर, विषय ऊसतोडीचाच घेते, पण घरच्या बायकांच्या मुलाखतींवर करत नाही, जनगणनेच्या नोंदींवर करते.” मामांना मात्र एम. ए.चा दोन वर्षांचा खर्च, मिळू शकणारी शिष्यवृत्ती आणि नंतरचे बी. एड. असा हिशेब आकड्यांत मांडून दाखवा. त्यांचा आक्षेप पैशांचा आहे, आणि त्याला पैशांतच उत्तर दिलेले बरे.